एकाच दाराच्या आत

त्या मुलानं फाटकापाशी चपला काढल्या, ते अजून मनातून जात नाही. जिल्ह्याच्या गावी, सरकारी बालगृहाच्या उंच लोखंडी फाटकासमोर आम्ही उभे होतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, त्यांची भाची, तिचा तिसरी-चौथीतला मुलगा आणि कागद वाचायला म्हणून सोबत गेलेली मी. नवरा गेल्यापासून भाची ऊसतोडीला जात होती. पोराला सोबत न्यायचं तर शाळा सुटणार, मागं ठेवायचं तर कुणापाशी, हा पेच दर हंगामाला पडायचा. म्हणून तिनं बालकल्याण समितीपुढं बसून, विचारतील ते सगळं सांगून, मुलाला काही महिने ठेवून घ्या अशी विनंती केली होती. आदेशाचा कागद तिनं घडी घालून पिशवीत बिस्किटांच्या पुड्यांवर ठेवला होता. पहारेकऱ्यानं दिंडी दरवाजा उघडला. मुलगा वाकून आत शिरणार तेवढ्यात थांबला, मागं आला, चपला काढल्या आणि भिंतीलगत जोडीनं नीट लावल्या. पाहुण्याच्या घरी गेल्यावर लावायला शिकवतात तशा. "घाल रे बाळा, अजून आत लांब चालायचंय," पहारेकरी म्हणाला. आवाजात राग नव्हता. मुलानं चपला पुन्हा घातल्या, एकदा आईकडे पाहिलं आणि आत गेला. कडी सरकली.

परतीच्या एसटीत भाची बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली होती. मग माझ्याकडे न वळताच तिनं विचारलं, "ताई, त्याला कशात लिहिलंय ओ?" मी सांगितलं, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक, असं लिहिलंय. ती थोडा वेळ गप्प राहिली. "म्हंजे चोरीबिरीचं काही नाही ना त्यात?"

नाही, म्हणाले मी. अजिबात नाही.

पण तिचा प्रश्न खुळा नव्हता. माझं लहानपण तालुक्याच्या ज्या गावात गेलं तिथं आम्हीही हेच धरून चाललेलो होतो. जास्त दंगा केला, दुपारी न सांगता नदीवर गेलं, की घरोघरी एकच धमकी असे: रिमांड होममध्ये टाकीन. ते रिमांड होम गावाच्या कडेला होतं. भिंतीवर काचांचे तुकडे रोवलेले, आत कडुनिंबाची झाडं, वारा त्या बाजूनं आला की फिनेलचा आणि शिजणाऱ्या डाळीचा एकत्र वास. तिथली मुलं आमच्याच नगरपालिकेच्या शाळेत यायची. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, कॉलरच्या आत शाईनं लिहिलेला नंबर, सगळ्यांचे केस एकाच दिवशी एकाच हातानं कापलेले. रांगेत यायची, रांगेत जायची. पंधरा ऑगस्टच्या संचलनात त्यांची पावलं आमच्यापेक्षा कितीतरी सरळ पडत, आणि ड्रिलचे सर त्यांचं कौतुक करताना आमच्याकडे रागानं बघत. त्यांनी काहीतरी केलंय, म्हणून त्यांना ठेवलंय, याबद्दल आमच्यातल्या कुणालाच शंका नव्हती. एक मुलगा माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि पाढे तो छताकडे बघून म्हणायचा. आम्ही त्याला एकदा विचारलंसुद्धा, "तू काय केलंस?" त्यानं खूप विचार केला. मग म्हणाला, "आई टीबीच्या दवाखान्यात हाय." प्रश्नाचं उत्तर तो टाळतोय असंच आम्हाला वाटलं. पुढं एका सोमवारी तो आलाच नाही. बाईंनी हजेरी घेताना त्याचं नाव सोडून पुढचं घेतलं. वय वाढलं की मुलांना दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या मुलांच्या गृहात पाठवतात, हे मला कळायला बरीच वर्षं जावी लागली.

ज्याची आई आजारी आहे तो, जो फलाटावर सापडला तो, आणि ज्यानं खरोखर कुणाची सायकल पळवली तो. तिघांच्या कॉलरमागचे नंबर लागोपाठचे असू शकत होते.

ही सरमिसळ आमच्या गावापुरती नव्हती. तिची मुळं शोधत मी मागं मागं जात राहिले, तेव्हा ती थेट कंपनी सरकारच्या १८५० च्या अ‍ॅप्रेंटिसेस अ‍ॅक्टपर्यंत पोचली. धर्मादायावर वाढलेली अनाथ, गरीब मुलं आणि किरकोळ गुन्ह्यात सापडलेली मुलं, अशा दोघांनाही एखाद्या कारागिराच्या हाताखाली करारानं बांधून द्यायची सोय त्या एकाच कायद्यात होती. मुलगा कामाला लागला की प्रश्न मिटला, असा तो हिशेब. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून रिफॉर्मेटरी, म्हणजे सुधारशाळा, उभी राहिली, ती संस्था औद्योगिक शाळेच्या रूपात माहीमला अजून आहे. मग १८७६ चा आणि १८९७ चा रिफॉर्मेटरी स्कूल्स अ‍ॅक्ट आला. १८९७ च्या कायद्यात पंधरा वर्षांखालच्या मुलाला तुरुंगाऐवजी अशा शाळेत पाठवायचं, कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. तुरुंगातल्या निर्ढावलेल्या माणसांपासून पोराला दूर ठेवण्याचा विचार त्यात होता आणि तो चांगलाच होता. पण मला त्यातला 'कमीत कमी तीन वर्षं' हा भाग टोचतो. ज्या चोरीसाठी मोठ्या माणसाला काही आठवडे मिळाले असते, तिच्यासाठी बारा वर्षांच्या मुलाची तीन वर्षं जाणार, कारण त्याला शिक्षा द्यायची नव्हती, सुधारायचं होतं. सुधारणेचं माप शिक्षेच्या मापापेक्षा मोठं निघालं, आणि मुलांच्या बाबतीत ते पुढंही फार काळ मोठंच राहिलं.

याच काळात आपल्याच मातीत याहून भयंकर काही चालू होतं, आणि बालगृहांच्या इतिहासात ते क्वचितच सांगितलं जातं. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टनं काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. १८९७ साली त्यात दुरुस्ती होऊन सरकारला अधिकार मिळाला, की या जमातींतल्या चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतींमध्ये ठेवता येईल. चार वर्षं. त्या वयात मूल झोपेत आईचा पदर चाचपतं. त्यानं काय केलं होतं हा प्रश्नसुद्धा इथं विचारायचा नव्हता. दंडविधान सांगत होतं की सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि त्याच राज्यात हा दुसरा कायदा चार वर्षांच्या पोराकडे होऊ घातलेला गुन्हेगार म्हणून पाहत होता. सोलापूरच्या सेटलमेंटची, म्हणजे या जमातींना कोंडलेल्या वसाहतीची, तारेची कुंपणं, रोजची हजेरी, गिरणीच्या भोंग्याबरोबर कामाला नेली जाणारी माणसं, हे आपल्या आत्मकथनांतून आपण वाचलंय. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तरी पारध्याचं पोर बाजारात एकटं दिसलं की आजही लोक आधी स्वतःचा खिसा चाचपतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि चाचपणारी माणसं वाईट नव्हती, शिकलेली होती.

१९१९-२० च्या जेल कमिटीनं मुलांना तुरुंगात घालू नका, त्यांच्यासाठी वेगळी न्यायालयं आणि वेगळी गृहं हवीत, असं सांगितलं. मद्रासनं १९२० साली, बंगालनं १९२२ साली आणि मुंबई इलाख्यानं १९२४ साली मुलांचा कायदा केला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. आणि मुलांना ठेवायला पुढं जागा मिळाली ती कुठली, तर उमरखाडीचा, म्हणजे डोंगरीचा जुना तुरुंग.

इथं मी थबकले, कारण डोंगरीचा तुरुंग मला आधीपासून माहीत होता. आपल्या सगळ्यांनाच माहीत असतो. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, १८८२ साली, टिळक आणि आगरकर तिथं होते. आगरकरांनी सुटून आल्यावर 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' लिहिलं. शाळेत आम्हाला त्यांच्या रात्र रात्र चालणाऱ्या वादांबद्दल सांगताना मास्तरांचा आवाज चढायचा. दोन तरुण संपादक, एक कोठडी, आणि देशाचं पुढं काय करायचं याची चर्चा. सुटकेच्या दिवशी त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली होती. ते पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं होतं, आवडलंही होतं. पण त्याच आवारात नंतर पिढ्यान् पिढ्या मुलं राहिली, आणि त्यांच्यातल्या कुणाचे किती दिवस तिथं गेले, रात्री ती एकमेकांशी काय बोलली, पावसाळ्यात भिंतींना ओल आल्यावर तिथं कसं वाटायचं, याचं एक पानही मला कधी वाचायला मिळालं नाही. त्या मुलांबद्दल लिहिलं गेलं ते कायदे करणाऱ्यांकडून, अहवाल देणाऱ्यांकडून, तपासणीला येऊन दुपारी निघून जाणाऱ्यांकडून. किल्ली ज्याच्या हातात, लेखणीही त्याच्याच हातात. आगरकर शिकलेले होते, त्यांच्यामागं वर्तमानपत्र होतं, वाचक होते. फलाटावर सापडलेल्या मुलामागं कोण होतं?

१९२४ च्या त्या कायद्यानं आणि त्याच्या जागी आलेल्या १९४८ च्या कायद्यानंही गरिबी आणि गुन्हा यांच्यासाठी दार एकच ठेवलं. भीक मागताना सापडलेलं मूल, घरदार नसलेलं मूल, आईबापांनी टाकलेलं मूल आणि गुन्ह्यात धरलेलं मूल, सगळी आधी रिमांड होममध्ये, मग चौकशी. १९५९ साली मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आला. रस्त्यावरून आईला उचललं की तिची रवानगी भिक्षेकरीगृहात आणि पाच वर्षांवरच्या मुलाची मुलांच्या न्यायालयापुढं. दोघांना वेगवेगळ्या गाड्यांत बसवतानाची ती वेळ मी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढं आणते, आणि तिच्याबद्दल कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं गेलं असेल याचा अंदाज मला बांधता येत नाही.

आणि हे सगळं असूनही मुलं तुरुंगात होतीच. देशभरच्या तुरुंगांत, मोठ्या कैद्यांबरोबर. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांनी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावलं. १९८६ साली न्यायालयानं जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांत जाऊन पाहायला सांगितलं, मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये असं बजावलं आणि राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांऐवजी संसदेनं एकच कायदा करावा असं सुचवलं. त्याच वर्षाअखेरीस बाल न्याय कायदा झाला. त्यातही मुलगा सोळापर्यंतच मूल, मुलगी अठरापर्यंत. आणि चौकशी होईपर्यंत उपेक्षित मूल आणि अपराधी मूल, दोघांनाही निरीक्षणगृहातच ठेवायची सोय. २००० च्या कायद्यानं अखेर अठराची रेघ दोघांसाठी सारखी केली आणि दारं दोन केली: एकाकडे बालकल्याण समिती, दुसऱ्याकडे बाल न्याय मंडळ. १८५० पासून मोजलं तर त्याला दीडशे वर्षं लागली.

मग डिसेंबर २०१२ उजाडला. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या त्या घटनेतल्या आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता आणि त्याला विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षं मिळणार होती. त्या दिवसांत घरोघरी जे बोललं गेलं ते मी ऐकलंय. मीही दोन मुलींची आई आहे, माझ्याही पोटात कालवाकालव झाली होती. २०१५ चा कायदा त्या संतापातून आला: सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केला असेल तर मंडळानं त्याच्या समजेची प्राथमिक तपासणी करायची, आणि प्रौढासारखा खटला चालवायची वाट मोकळी ठेवायची. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. एका भयंकर अपवादाच्या मापानं आपण हजारो साध्या मुलांसाठीचं दार पुन्हा जड केलं. मोबाईल उचलणारी, भांडणात दगड मारणारी, मोठ्यांनी पुढं करून वापरलेली मुलं या गृहांमध्ये किती असतात, आणि टीव्हीवरच्या चर्चेत त्यातलं एकही कसं नव्हतं!

हे लिहिताना मला एकतर्फी व्हायचं नाही. त्या दिवशी बालगृहाच्या कार्यालयात भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं होती, पाण्याचा माठ स्वच्छ होता, आणि एक काळजीवाहक बाई एका लहानग्याला मांडीवर घेऊन त्याच्या पायातला काटा काढत होत्या, तोंडानं काहीतरी पुटपुटत, अगदी आजीसारखं. इतक्या मुलांमागं माणसं किती, असं विचारल्यावर अधीक्षकांनी उत्तर द्यायच्या आधी टेबलावरचे कागद सारखे केले. अशा गृहांमुळं जगलेली, शिकलेली, नोकरीला लागलेली माणसं आपल्या आसपास आहेत, ती सांगत नाहीत एवढंच. आमच्याकडे येणारा इलेक्ट्रिशियन त्यांतलाच. पंख्याची कॉइल बदलता बदलता त्यानं सहज सांगितलं, की तो रिमांड होममध्ये वाढला. "वेळेवर जेवलो ताई. उपाशी झोपलोय असं एक दिवस झालं नाही. दहावी तिथंच झाली, आयटीआय तिथूनच." मग स्क्रू आवळत म्हणाला, "पहिला पगार झाला तेव्हा शर्ट घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, रंग कुठला दाखवू? मला काही सुचंचना. तसाच परत आलो." वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याला तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

अठरा पूर्ण झाले की गृह संपतं. पुढं एकविसापर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे गृहातून बाहेर पडलेल्यांना पायावर उभं राहीपर्यंत आधार देणाऱ्या गृहाची, सोय कायद्यात आहे, आणि महाराष्ट्रानं २०१८ साली अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण मला जी गोष्ट सगळ्यांत उशिरा कळली आणि सगळ्यांत आधी कळायला हवी होती ती याच्याही आधीची आहे. बालगृहांतल्या कित्येक मुलांना आई असते. बापही असतो. घर नावाचं काहीतरी असतं. नसतो तो पैसा. आज कायदाच म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे, त्यात मुलाला घरीच, नातेवाइकांतच वाढवायला महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मावशींच्या भाचीला त्याबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं. मावशी सांभाळायला तयार होत्या, प्रश्न होता तो दोन वेळच्या जास्तीच्या ताटाचा. एका मुलाला भिंतीच्या आत ठेवण्यासाठी सरकार इमारत, पलंग, पहारेकरी, स्वयंपाकी, अधीक्षक यांच्यावर खर्च करतं, त्याबद्दल कुणी आईच्या चारित्र्याचा दाखला मागत नाही. तोच पैसा आईच्या हातात द्यायची वेळ आली की उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला, गृहचौकशी. हे उलटं आहे. शंभर वर्षांपूर्वीही उलटं होतं, तेव्हा निदान कुणाला सुचलं नव्हतं, असं तरी म्हणता येईल.

दुसऱ्या देशांनी आपल्या या भूतकाळाकडे उशिरा का होईना, वळून पाहिलं. आयर्लंडच्या पंतप्रधानांनी १९९९ साली संस्थांमध्ये वाढलेल्यांची माफी मागितली आणि तिथल्या चौकशी आयोगाचा मोठा अहवाल २००९ साली आला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माफी मागितली गेली, तेव्हा बालगृहांत वाढून म्हातारी झालेली माणसं प्रेक्षागृहात बसून रडत होती. त्या चौकशांमध्ये सगळ्यांत मोठा भाग साक्षींचा होता. आत काय झालं, ते आत राहिलेल्यांनी सांगायचं आणि राज्यानं ते लिहून घ्यायचं. माफी ही त्यानंतरची गोष्ट. आपल्याकडे माफीचं राहू दे, पण डोंगरीच्या, येरवड्याच्या, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गृहांत वाढलेली जी माणसं आज सत्तरीत आहेत, त्यांच्याकडून लिहून कोण घेणार? ती गेली की तो इतिहास फक्त कायद्यांच्या क्रमांकांचा उरेल.

कागदांबद्दलही एक अवघड गोष्ट आहे. ज्या मुलानं गुन्हा केला, त्याची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करावी असं कायदा सांगतो, म्हणजे त्याला कोरी सुरुवात मिळावी. हे मला मनापासून पटतं. पण ज्यानं काहीच केलं नाही, जो फक्त सापडला, त्याच्यासाठी त्या फायलीतलं पान म्हणजेच त्याचं सगळं मागचं. इतकी वर्षं दोघांना एकत्र ठेवलं, तेव्हा फायलीही एकत्रच राहिल्या, एकत्रच ओल्या झाल्या, रद्दीत गेल्या. आमच्या इलेक्ट्रिशियननं लग्न ठरल्यावर स्वतःची फाईल मागायला एका कार्यालयात अर्ज केला होता. इमारत बदलली, जुनं रेकॉर्ड सापडत नाही, असं उत्तर मिळालं. यंदा पुन्हा अर्ज करायचं ठरलं, या वेळी माहितीच्या अधिकारात, आणि मजकूर लिहायला तो माझ्याकडे आला. मी विचारलं, नेमकं काय मागू? जन्मतारीख नको, जात नको, आईबापाचं नाव असलं तर ठीक, म्हणाला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. त्याला तिथं आणून कुणी सोडलं, आणि त्या दिवशी त्याच्यासोबत आणखी एक मूल होतं का. एक मुलगी आपला हात धरून होती असं त्याला आठवतं, पण ते आठवतंय की नंतर मनानं बनवलंय, याची त्याला खात्री नाही. मी मुद्दा क्रमांक एक आणि मुद्दा क्रमांक दोन असं लिहिलं. मुद्दा दोनमध्ये त्यानं मला दोन शब्द वाढवायला लावले: अंदाजे वयासह.